टायर थंड होईपर्यंत

जबाब. दिनांक १३ ऑक्टोबर १९७७, वार गुरुवार, सकाळी १०-४० वाजता.

माझे नाव रंगुबाई ज्योतिबा हुलवान, वय वर्षे ३३, धंदा टायरमध्ये हवा भरणे व पंक्चर काढणे, राहणार करंजफाटा, आष्टा रस्ता, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. जमादारांनी आधी धंदा घरकाम असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. मला कोणी बोलावलेले नाही. मी आपण होऊन ठाण्यात आले आहे आणि सांगते ते असे की,

करंजफाट्यावर माझे हवेचे दुकान आहे. माझे पती ज्योतिबा हे मिलिटरीत मोटार ड्रायव्हर होते. ते रजेवर आले की मला नुसते बसू देत नसत, टायर खोलायला लावत. सन १९७२ साली ते पठाणकोटकडे काविळीने वारले. त्यांची लोखंडी पेटी, घोंगडी आणि हवा मोजायचे पितळी गेज एवढे घरी आले. गेज मी वापरते. मूलबाळ नाही. घरात मी आणि सासू राहीबाई, वय अंदाजे ६५, अशा दोघीच. दुकानात मी चाकाशी असते, आणि सासूबाई बाजेवर बसून रस्त्याने कोण कुणीकडे गेले ते बघतात. आज त्या माझ्यासोबत आल्या असून बाहेर व्हरांड्यात बसलेल्या आहेत.

ठाण्यात धरून आणलेला इसम धुळा बिरू पुकळे, वय ३८, यास मी ओळखते. तो सोसायटीचा फवारणीचा गाडा चालवतो. गाडा म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायची दोन चाकी लोखंडी गाडी. वर चारशे लिटरची टाकी, मागे आडवी लांब दांडी, दांडीला औषध उडायच्या बारा तोट्या. चाकांना जुन्या जीपचे टायर आहेत. शाळवावर, म्हणजे रब्बीच्या ज्वारीवर, खोडमाशी पडली की हा गाडा आज बागणी, उद्या बावची असा गावोगाव फिरतो.

गाडा रस्त्याने न्यायचा तर टायरात अठ्ठावीस पौंड हवा लागते. कमी असली तर टायरची कूस, म्हणजे बाजू, मोडते. तोच गाडा ओल्या रानात घालायचा तर हवा पंधरा पौंडांवर आणावी लागते, म्हणजे चाक पसरट बसते, रान दाबले जात नाही. दोन्ही चाकांत हवा सारखी नसेल तर मागची दांडी एका अंगाला कलते. मग एका बाजूचे पीक औषधाने करपते आणि दुसऱ्या बाजूच्या किड्यांची नुसती आंघोळ होते. हे फौजदार साहेबांनी विचारले म्हणून सांगितले. त्यानंतर त्यांनीच जमादारांना विचारले की हे सगळे लिहायची गरज आहे का. गरज आहे.

धुळाच्या आधी गाड्यावर जो ड्रायव्हर होता तो टायरला लाथ मारून बघायचा आणि "फुगल्यालं हाय" म्हणून निघून जायचा. धुळा गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास पहिल्यांदा दुकानात आला. मी गेज लावले. त्याने विचारले, "वैनी, किती हाय?" मी सांगितले, एका चाकात एकवीस, दुसऱ्यात सत्तावीस. तो ट्रॅक्टरवरून खाली उतरला आणि म्हणाला, "म्हंजे म्हैनाभर मी वाकडाच फवारतोय की!" मग तो दांडीच्या दोन्ही टोकांखाली हात धरून जमिनीपासूनचे अंतर बघून आला. मला किती आहे असे विचारणारा तो पहिलाच.

तेव्हापासून तो हवा बघायला दुकानात येतो. किती दिवसांनी येतो असे फौजदार साहेबांनी विचारले. गाडा बाहेरगावी नसेल तर रोज येतो.

चांगल्या टायरातली हवा रोज कमी होत नाही, हे खरे आहे. परंतु धुळाच्या गाड्याची होत असे. गेल्या पौषात मी दोन्ही ट्यूब काढून हौदात बुडवून बघितल्या. एकही बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा चार पौंड कमी होती, आणि व्हॉल्व्हच्या टोपणावर चिखलाचा अंगठा उमटलेला होता. मी त्यास काही विचारले नाही. हवा भरून दिली.

हवा थंड टायरात मोजायची असते. चालून आलेले टायर तापलेले असते आणि गेज दोन-तीन पौंड जास्त दाखवते. त्यामुळे चालून आलेला गाडा अर्धा तास उभा करायचा आणि मग गेज लावायचे. हा नियम माझ्या पतीने मला शिकवला. तो धुळाने काढलेला नाही. धुळा चार मैलांवरून येतो, म्हणून त्याला थांबावे लागते. तो थांबतो तेव्हा सासूबाई चहा करतात. गेल्या उन्हाळ्यात त्याने आपल्या हाताने चार खांब पुरून दुकानापुढे पत्र्याची सावली करून दिली, टायर लवकर थंड व्हावे म्हणून. सावली झाल्यापासून टायर थंड व्हायला जास्त वेळ लागू लागला.

मंगळवार, दिनांक ११ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास धुळा रिकामा गाडा घेऊन दुकानात आला. त्याला बागणीला जायचे होते. तो आठ वाजून चाळीस मिनिटांनी गेला. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण इस्लामपूरची एसटी पावणेनऊला येते आणि ती यायच्या आत जातो असे तो म्हणाला होता. एसटीतले लोक बघतात, म्हणून.

त्याच सकाळी नेमिनाथ अण्णा चौगुले यांच्या हळदीच्या रानातून कोणीतरी रबरी चाकांची गाडी मधोमध घातली. अण्णांचे रान माझ्या दुकानापासून दोन मैल आहे. त्यांच्या पत्नी त्रिशलाबाई साडेसातला घेवडा तोडायला गेल्या तेव्हा हळद उभी होती. साडेआठला पुन्हा रानात गेल्या तेव्हा बांधापासून बांधापर्यंत दोन चाकोऱ्या पडलेल्या होत्या. कमरेएवढी हळद आडवी झालेली, वरंबे फुटलेले, जमिनीतले गड्डे चेंगरून वर आलेले. अण्णांनी तक्रार दिली आणि धुळाचे नाव सांगितले. त्याचे कारण असे की, त्याआधी सोमवारी ३ तारखेला धुळाने पलीकडच्या शाळवात जायला अण्णांच्या बांधावरून वाट मागितली होती. अण्णांनी दिली नाही. तेव्हा धुळा चारचौघांत बोलला होता, "अण्णा, एक दिवस मधनंच घालीन बघा गाडा." असे बोलायला नको होते. तसे मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलेही होते.

धुळास मंगळवारी दुपारी धरून आणले, हे मला बुधवारी सकाळी नळावर कळले. असेही कळले की, त्या वेळी तू कुठे होतास असे विचारल्यावर त्याने ओढ्यावर टाकी धूत होतो असे सांगितले, आणि ओढ्यावर शेरडे चारणाऱ्यांनी आमच्या नजरेस कोणी पडले नाही असे सांगितले. त्यामुळे त्याच्यावरचा संशय वाढला. मी घागर तिथेच ठेवून घरी आले. घागर नंतर शेजारणीने आणून दिली.

मी दुकान बंद केले आणि सासूबाईंना घेऊन अण्णांच्या रानात गेले. अण्णा बांधावर बसले होते. मला बघून म्हणाले, "आता तुमी कशाला आलाय, बाई? ह्यात हवा भरून हळद उभी ऱ्हाणार हाय का?"

मी म्हटले, "अण्णा, चाकोरी बघू द्या. मग घालवून द्या."

अण्णा म्हणाले, "बघा. सगळं गाव बघून गेलंय. पोराचं मयत बघाय आल्यागत येत्यात." त्यांनी हळद मे महिन्यापासून पोरासारखी वाढवली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. ते बोलताना त्यांच्या हातात एक चेंगरलेला गड्डा होता. तो ते खाली ठेवत नव्हते.

मी चाकोरीत उतरले. चाकोरी हातभर खोल होती आणि अरुंद होती, सुरीने कापल्यासारखी. म्हणजे टायर दगडासारखे कडक आणि वर भरपूर वजन. रिकामा फवारणीचा गाडा त्या ओलीत चार बोटांच्या वर रुतत नाही. पुढे गेल्यावर डाव्या चाकोरीच्या तळाला एक आडवा वळ दिसला. थोड्या अंतरावर पुन्हा तसाच वळ. मी टेप लावला. सव्वाआठ फूट भरले. पुढचा वळ पुन्हा सव्वाआठ फुटांवर. जीपच्या टायरचा एक फेरा साडेसात फुटांच्या आतच संपतो. सव्वाआठ फूट म्हणजे ट्रॉलीचे टायर. आणि तो वळ कशाचा ते मी बघितल्याबरोबर ओळखले. टायर कुशीत फाटले की आतून जुन्या टायरचा तुकडा घालतात. तिथे टायर बाहेरून थोडे फुगते आणि दर फेऱ्याला जमिनीवर तेवढाच वळ उठतो. तो तुकडा गणपतीच्या सुमारास मी माझ्या हाताने घातलेला आहे. टायर विटांच्या ट्रॉलीचे, आणि ट्रॉली चालवणारा दादासो रामू मोहिते. तुकडा घातलाय, वजन कमी भर, हवा पंचेचाळीसच्या वर जाऊ देऊ नको, असे मी त्यास तेव्हाच बजावले होते. तो "व्हय व्हय" म्हणाला होता. चाकोरी बघता त्याने साठ तरी भरली असावी, आणि ती माझ्याकडे भरलेली नाही.

दादासो माझे गिऱ्हाईक आहे. त्याच्याविरुद्ध माझा कसलाही राग नाही.

हे सगळे मी आज सकाळी फौजदार साहेबांना तोंडी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. नंतर ते म्हणाले, "बाई, तुकडे घातलेली टायरं या जिल्ह्यात शेकड्यानं असतील. आणि धुळानं काही केलंच नाही, तर तो खोटं का बोलला? ओढ्यावर नव्हता, तर होता कुठं?"

मी सांगितले, माझ्या दुकानात होता.

"किती वाजेपर्यंत?"

आठ चाळीस.

"हवा भरायला किती वेळ लागतो?"

दोन्ही चाके मिळून पाच मिनिटे.

"टायर थंड व्हायला?"

अर्धा तास.

"मग उरलेली पन्नास मिनिटं?"

येथे मी पाणी मागितले. पाणी देण्यात आले.

उरलेली पन्नास मिनिटे धुळा माझ्या दुकानात बसला होता. तो रोजच बसतो. मी काम करते, तो पाना हातात देतो. बोलणे कशाचे होते असे विचारल्यावरून सांगते की, टायरचे होते. रोज तासभर टायरचेच का, असे विचारल्यावरून सांगते की, पावसाचे होते, त्याच्या म्हशीचे होते, मी दुपारची का जेवत नाही याचे होते. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली आहे. तो तिच्याबद्दल चांगले बोलतो. ज्योतिबांबद्दल तो मला विचारतो आणि मी सांगते. पाच वर्षांत त्यांच्याबद्दल मला दुसऱ्या कोणी विचारलेले नाही. त्याने कधी वावगा शब्द काढलेला नाही आणि हातातल्या पान्याशिवाय कशाला हात लावलेला नाही.

तो खोटे का बोलला ते मला सांगता येईल. एक विधवा बाई आणि एक एकटा गडी रोज सकाळी तासभर बसतात, हे ठाण्याच्या कागदावर येऊ नये म्हणून तो बोलला. त्याने त्यात माझा विचार घेतलेला नाही. विचारले असते तर मी नको म्हटले असते.

फौजदार साहेबांनी लेखणी थांबवायला सांगितली आणि मला म्हणाले, "बाई, हे लिहू का? उद्या कोर्टात मोठ्यानं वाचतील. गाव ऐकेल. नीट विचार करा." मी विचार केला. लिहा, असे मी सांगितले.

तेवढ्यात आतल्या कोठडीतून धुळा मोठ्याने ओरडला, "सायेब, त्यांचं काय लिवू नगा! मी वड्यालाच हुतो! टाकी धूत हुतो!"

मी इथूनच म्हटले, "तू गप बस. टाकी सोमवारी धुतलीयास, माझ्याच हौदावर. आजून माझा हौद हिरवागार हाय." येथे मी त्यास एकेरी बोलले ते रागाच्या भरात. याआधी कधी बोललेली नाही.

जमादार हसले.

यानंतर सासूबाई व्हरांड्यातून उठून आत आल्या. त्यांना बाहेर सगळे ऐकू गेले होते, हे मला माहीत होते. मी त्यांच्याकडे बघितले नाही. त्या फौजदार साहेबांपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "आवं सायेब, त्या पन्नास मिन्टांत चा कुणी केला त्ये लिवलं का न्हाई? मी केला. तीन येळा. एक कप ह्याला, एक हिला, एक मला. मी बाजंवर बसून बघत हुते त्ये काय आंधळी म्हणून व्हय? त्यो गडी साडेसातला बी तितंच हुता, आठला बी तितंच हुता. माझा अंगठा कुटं घ्येताय?" फौजदार साहेबांनी त्यांचा जबाब वेगळा घेण्यास सांगितले. त्या म्हणाल्या, "एगळा कशाला? आमी एकाच घरात ऱ्हातो."

जबाब येथे थांबवला. वेळ दुपारी १२-१५.

दुपारी ३-३० वाजता जबाब पुढे चालू.

दरम्यान हवालदार वीटभट्टीवर जाऊन दादासो यास ट्रॉलीसह घेऊन आले. नेमिनाथ अण्णांनाही बोलावण्यात आले. ठाण्याच्या मागे आडाजवळची माती ओली आहे, तिच्यावरून ट्रॉली चालवून बघितली. डाव्या चाकाखाली आडवा वळ उठला. दोन वळांमधले अंतर मी टेपने मोजले, फौजदार साहेबांनी मोजले, आणि अण्णांनीही बसून मोजले. सव्वाआठ फूट भरले. गेज लावले तर हवा बासष्ट पौंड निघाली. गेजवरचा आकडा मी फौजदार साहेबांना त्यांच्या डोळ्यांनी वाचायला लावला.

दादासो खाली मान घालून उभा राहिला. मग म्हणाला, "रस्त्यावर चिखल लय हुता. ट्रॉली फसली असती. वाटलं, कडंनं काढू. कडंचं मधी कवा गेलं त्ये कळलंच न्हाई. मग भ्या वाटलं." धुळाला धरले हे कळल्यावरही तू गप्प का राहिलास, असे फौजदार साहेबांनी विचारले. तो रडू लागला.

अण्णा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "रडून वरंबं उभं ऱ्हात न्हाईत, दादासो. उद्या सकाळी खोरं घिऊन यायचं. जेवढं गड्डं जित्तं हाईत तेवढ्यास्नी माती लावायची. मी सांगीन तशी, तुझ्या हातानं. ट्रॉली घरी ठिवून यायचं." दादासो व्हय म्हणाला. अण्णांनी धुळाविरुद्धची तक्रार मागे घेत असल्याचे फौजदार साहेबांना सांगितले. नंतर ते कोठडीपुढे गेले आणि म्हणाले, "धुळा, माझं चुकलं. पर तू बी तसं बोलाय नगं हुतंस."

धुळा आतून म्हणाला, "न्हाई बोलणार, अण्णा."

अण्णा म्हणाले, "बांधावरनं वाट देतो. पर पंधरा पौंडावर यायचं."

पंधरा पौंडांचे अण्णांना कोणी सांगितले असे मला विचारण्यात आले. बुधवारी त्यांच्या चाकोरीत उभी राहून मीच सांगितले होते. ते त्यांनी लक्षात ठेवले, हे मला आज कळले.

धुळास सायंकाळी ४-१० वाजता सोडण्यात आले. तो बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहिला. दोन दिवसांची दाढी वाढलेली होती. तो मला म्हणाला, "कशाला सांगितलंत?" मी म्हटले, गाडा तीन दिवस उन्हात उभा आहे, टायर बघावे लागतील. तो बरे म्हणाला.

त्या वेळी सासूबाई पायरीवर बसलेल्या होत्या. त्यांनी धुळास समोर बसायला सांगितले, मला शेजारी बसायला सांगितले, आणि आम्हा दोघांना उद्देशून काही बोलल्या. ज्योतिबांचे नाव घेऊन बोलल्या. जमादार लेखणी घेऊन जवळच उभे होते. हे लिहू का, असे त्यांनी फौजदार साहेबांना विचारले. हे गुन्ह्याच्या कामातले नाही, असे सांगून फौजदार साहेबांनी ते लिहू दिले नाही, आणि ते आत निघून गेले.

माझा वरील जबाब जमादारांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसेच त्यात उतरले आहे, काही वाढवलेले नाही, काही गाळायचे नाही. सासूबाई पायरीवर बोलल्या ते यात लिहिलेले नाही. ते मी ऐकले आहे, आणि तेही मला कबूल आहे.

सही: रंगुबाई ज्योतिबा हुलवान